गुलाबी किरणाचे कोडे

फेब्रुवारी १९७४. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी भाड्याच्या घरात पंचेचाळीस वर्षांचा एक लेखक गाल धरून बसला होता. अडकलेली अक्कलदाढ नुकतीच काढलेली, त्यासाठी दिलेल्या पेंटोथॉल या औषधाची गुंगी उतरत आलेली आणि ठणका सुरू झालेला. वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून घरपोच मागवल्या होत्या. दारावरची घंटा वाजली. गोळ्या घेऊन आलेल्या तरुणीच्या गळ्यातल्या साखळीत सोनेरी रंगाचा, माशाच्या आकाराचा बिल्ला लटकत होता. हे काय आहे, असे त्याने विचारले. प्राचीन काळातले ख्रिस्ती लोक ही खूण वापरत, असे तिने सांगितले आणि ती निघून गेली.

घडले ते एवढेच. पण त्या माशावरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यांवर पडताच आपल्याला काहीतरी फार जुने आठवले, असे लेखकाला वाटले. आपण १९७४ साली कॅलिफोर्नियात नसून पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात आहोत, लपून राहणारे ख्रिस्ती आहोत आणि मधली एकोणीसशे वर्षे हा केवळ भास आहे! पुढच्या महिन्यात तर अशा अनुभवांची रांगच लागली. हा लेखक म्हणजे फिलिप किंड्रेड डिक. विज्ञानकथेच्या इतिहासातले फार मोठे नाव. त्याला झाले ते काय? साक्षात्कार, आजार, की औषधांचा परिणाम? गेली पन्नास वर्षे या प्रश्नाची चर्चा चालू आहे. आपणही ती करू. मात्र निकाल देण्याची घाई न करता, विज्ञानात एखादे कोडे ज्या पद्धतीने हाताळतात त्या पद्धतीने करू.

माणूस कोण होता?

डिकचा जन्म १६ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत झाला. त्याच्याबरोबर जेन ही जुळी बहीणही जन्मली होती. पुरेसे पोषण न मिळाल्याने ती सहा आठवड्यांतच दगावली. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट मॉर्गन येथे तिला पुरले आणि थडग्याच्या दगडावर तिच्या नावाशेजारी जिवंत असलेल्या भावाचेही नाव कोरून ठेवले, मृत्यूची तारीख तेवढी मोकळी सोडून. ही बहीण डिकच्या मनातून जन्मभर गेली नाही.

१९५२ पासून त्याच्या कथा छापून येऊ लागल्या. सुमारे तीस वर्षांत त्याने चाळीसहून अधिक कादंबऱ्या आणि शंभरावर कथा लिहिल्या. 'द मॅन इन द हाय कॅसल' या कादंबरीला १९६३ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. पैसा मात्र फारसा मिळाला नाही. घर चालवायचे तर भराभर लिहायला हवे, म्हणून तो अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घेई. झोप उडवणारे हे औषध तेव्हा अमेरिकेत सर्रास मिळत असे. १९६३ व १९६४ या दोन वर्षांत त्याने दहाएक कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या, त्या याच गोळ्यांच्या जोरावर.

त्याच्या बहुतेक कथांच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: खरे काय, आणि माणूस कशाला म्हणायचे? त्याच्या नायकाला एके दिवशी कळते की आपले गाव हा देखावा आहे, आपल्या आठवणी दुसऱ्याने घातलेल्या आहेत किंवा आपण स्वतःच यंत्रमानव आहोत. 'ब्लेड रनर', 'टोटल रिकॉल', 'मायनॉरिटी रिपोर्ट' हे गाजलेले चित्रपट त्याच्याच कथा-कादंबऱ्यांवरून निघाले. १९७४ साली जे त्याच्या बाबतीत घडले, ते तो वीस वर्षे लिहीतच होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्च महिन्यातील घटना

मार्चमध्ये त्याला रात्री बंद डोळ्यांपुढे रंगीत आकृत्या दिसू लागल्या. कँडिन्स्की, क्ली अशा आधुनिक चित्रकारांच्या चित्रांसारख्या आकृत्या, एकीमागून एक, वेगाने, तासन्‌तास. मग गुलाबी प्रकाशाचा एक झोत दिसला. या झोतातून आपल्या डोक्यात माहिती ओतली जात आहे, असे त्याला जाणवले. आपल्या आत थॉमस नावाचा पहिल्या शतकातला माणूसही राहतो आहे, असेही त्याला वाटे.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कहून टपालाने एक पाकीट आले. आत पुस्तकपरीक्षणांच्या छायाप्रती होत्या आणि त्यातले काही शब्द अधोरेखित केलेले होते. आपल्याला मारण्यासाठी किंवा आपली परीक्षा पाहण्यासाठी पाठवलेला हा सांकेतिक संदेश आहे, अशी डिकची खात्री झाली. त्याने एफबीआय या केंद्रीय पोलीस यंत्रणेला कळवले. पुढेही तो त्यांना पत्रे लिहीत राहिला. २ सप्टेंबर १९७४ च्या पत्रात त्याने कळवले की, पोलंडमधला स्तानिस्लाव लेम हा लेखक बहुधा एकटा माणूस नसून कम्युनिस्टांची समिती आहे, कारण तो अनेक शैलींत लिहितो! लेम अर्थातच हाडामांसाचा माणूस होता, आणि अमेरिकन विज्ञानकथाकारांपैकी त्याला मनापासून आवडणारा लेखक एकच होता. तो म्हणजे डिक.

हसू येते खरे. पण जरा थांबावे. १७ नोव्हेंबर १९७१ रोजी डिकच्या घरी खरोखरच घरफोडी झाली होती, त्याची कागदपत्रांची कपाटपेटी फोडलेली होती, आणि गुन्हेगार कधीच सापडला नाही. एफबीआय हजारो नागरिकांवर पाळत ठेवून होती आणि सोव्हिएत युनियनशी चालणारा पत्रव्यवहार सीआयए वर्षानुवर्षे गुपचूप उघडून वाचत होती, हे १९७५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने उघड केले. म्हणजे 'कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे' ही शंका त्या काळी वेडेपणाची नव्हती. लेम ही समिती आहे, ही शंका मात्र पुराव्यापासून फार दूर गेलेली होती. शंका घेणे हा आजार नव्हे. पुरावा पाहूनही शंका हलत नाही, तेव्हा काळजी करावी.

डोळा, मेंदू आणि औषध

आता संभाव्य कारणे एकेक करून तपासू.

पहिला प्रश्न साधा आहे. प्रकाश नसताना प्रकाश दिसू शकतो का? वर्गात एक प्रयोग करून पाहा. गडद हिरव्या कागदाचा चौकोन फळ्यावर चिकटवा. मुलांना त्याच्याकडे तीस सेकंद टक लावून पाहायला सांगा आणि मग पांढऱ्या कागदाकडे नजर वळवायला सांगा. तेथे गुलाबीसर चौकोन तरंगताना दिसेल. दृष्टिपटलातल्या हिरव्या रंगाला अधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी थकतात, त्यामुळे पांढऱ्या प्रकाशातला हिरवा भाग तात्पुरता कमी जाणवतो आणि उरलेल्याचा गुलाबी होतो. (या प्रयोगासाठी सूर्याकडे किंवा तीव्र दिव्याकडे कोणालाही पाहू देऊ नका.) मिटलेल्या पापण्यांवर हलका दाब पडला तरी ठिपके आणि जाळ्या दिसतात. झोप लागता लागता चित्रे दिसणे हा तर अनेकांचा अनुभव आहे. तेव्हा 'दिसले' याचा अर्थ 'बाहेर होते' असा होत नाही. पण यातून फक्त रंगाचा उलगडा होतो. त्या रंगातून संदेश येतो असे का वाटावे, हे कळत नाही.

दुसरे संभाव्य कारण अ‍ॅम्फेटामिन. फिलिप कॉनेल या ब्रिटिश डॉक्टरने १९५८ मध्येच दाखवून दिले होते की, हे औषध जास्त घेणाऱ्यांना छळाचे भ्रम आणि भास होऊ शकतात, आणि ते इतके हुबेहूब असतात की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णापासून अशा माणसाला वेगळे ओळखणे कठीण जाते. १९७१ च्या सुमाराच्या डिकच्या संशयांना हे चांगले लागू पडते. पण १९७२ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर येथे आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर तो एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिला आणि त्यानंतर गोळ्यांपासून बराच दूर झाला होता. म्हणजे १९७४ च्या घटनांचे हे एकमेव कारण म्हणता येत नाही. 'अ स्कॅनर डार्कली' या १९७७ च्या कादंबरीच्या शेवटी त्याने अमली पदार्थांमुळे मेलेल्या वा कायमचे नुकसान झालेल्या मित्रांची यादी दिली आहे. तीत त्याने स्वतःचेही नाव घातले आहे.

तिसरे कारण म्हणजे कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या भागाची अपस्मारासारखी विकृती. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या या भागाला विजेचा सौम्य स्पर्श केला, तेव्हा काहींना गाणी ऐकू आली, काहींना जुने प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटले. पुढे १९७० च्या दशकात बॉस्टनच्या नॉर्मन गेशविंड यांनी नोंदवले की, अशा अपस्माराच्या काही रुग्णांत धर्म-तत्त्वज्ञानाची अतोनात ओढ आणि सतत लिहीत राहण्याची अनिवार ऊर्मी आढळते. डिकचे वर्णन यात चपखल बसते, आणि त्याच्या चरित्रकारांनीही ही शक्यता मांडली आहे. पण तो तर १९७४ च्या आधीही अहोरात्र लिहीत होता! वर्णन जुळले म्हणजे निदान झाले असे नाही. त्यासाठी मेंदूतल्या विजेचा आलेख आणि प्रत्यक्ष तपासणी लागते.

चौथी गोष्ट रक्तदाबाची. त्याला उच्च रक्तदाब होता आणि त्यासाठी १९७४ च्या वसंतात त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. आठ वर्षांनी पक्षाघातानेच त्याचा अंत झाला. शिवाय त्या मार्चमध्ये तो स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वांचे प्रचंड डोस घेत होता. दाढेची गुंगी, वेदनाशामक, जागरण, रक्तदाब, जुने व्यसन, भीती असे सगळे एकाच वेळी. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. आयुष्य तशी सोय ठेवत नाही. म्हणूनच एकच कारण ठामपणे सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये.

अर्थ कोठून येतो?

या साऱ्या कारणांपलीकडे एक मुद्दा राहतो. मासा दिसला, प्रकाश दिसला, पाकीट आले. यांना इतका अर्थ का चिकटला?

आपल्या मेंदूवर दर क्षणी असंख्य संवेदना आदळतात. पंख्याचा आवाज आपण ऐकत नाही, पण गर्दीत कोणी आपले नाव घेतले की चटकन कान टवकारतात. कोणती संवेदना महत्त्वाची, याची खूण मेंदू सतत करत असतो, आणि या कामात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये असे मांडले की, काही मानसिक आजारांत ही यंत्रणा बिघडते आणि क्षुल्लक गोष्टींवरही 'महत्त्वाचे!' असा शिक्का बसू लागतो. शिक्षककक्षात आपण शिरलो आणि दोघे सहकारी हसले, तर क्षणभर शंका येते आणि जाते. ती गेलीच नाही तर? शिपायाचे खोकणे, फळ्यावरची तारीख, बसचा क्रमांक, सगळेच जर आपल्याला उद्देशून आहे असे वाटू लागले, तर मन स्वस्थ बसणार नाही. ते या सर्वांना जोडणारी गोष्ट रचील. ती गोष्ट म्हणजेच भ्रम. असंबद्ध गोष्टींत संबंध दिसू लागण्याच्या या अवस्थेला क्लाउस कोनराट या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये 'अ‍ॅपोफेनिया' हे नाव दिले. अ‍ॅम्फेटामिन डोपामिन वाढवते, हे येथे आठवावे.

ही खोड थोड्याफार प्रमाणात आपणा सर्वांत असते. मुलांचे दोन गट करा. एका गटाने नाणे पन्नास वेळा खरोखर उडवून छापा-काटा लिहावा, दुसऱ्याने मनानेच पन्नास वेळांची यादी करावी. खऱ्या यादीत सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे बहुधा सापडतील. मनाने केलेल्या यादीत मुले तसे लिहायला कचरतात. योगायोगात किती 'नक्षी' असते याची आपल्याला कल्पना नसते. म्हणून ती दिसली की आपण कर्ता शोधू लागतो.

मुलाचा हर्निया

डिकच्या बाजूने नेहमी एक घटना सांगितली जाते. आपल्या तान्ह्या मुलाला जांघेतला हर्निया आहे आणि तो जिवावर बेतेल, असे गुलाबी प्रकाशाने त्याला कळवले. डॉक्टरांकडे नेले तर हर्निया खरेच निघाला. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले. आता बोला!

आपल्याकडे याला दृष्टान्त म्हणतात, आणि असे किस्से वर्गातली मुलेही सांगतात. त्यांना झिडकारू नये, पण चार चौकटींचा तक्ता मात्र काढायला लावावा. पहिली चौकट: पूर्वसूचना मिळाली आणि खरी ठरली. दुसरी: मिळाली, पण खोटी ठरली. तिसरी: मिळाली नाही, तरी घटना घडली. चौथी: मिळाली नाही आणि काही घडलेही नाही. लोक पहिलीच चौकट लक्षात ठेवतात. डिकची दुसरी चौकट रिकामी नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याने अनेकांना पत्र पाठवून कळवले की, जगाचा तारणहार जन्मला आहे, तो श्रीलंकेत राहतो आणि त्याचे नाव टागोर आहे. असा कोणी पुढे आला नाही. हे पत्र हर्नियाच्या गोष्टीइतके कोणाला आठवत नाही.

दुसरे असे की, तान्ह्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, जांघेतला हर्निया बराच आढळतो. मूल रडले की तेथे फुगवटा येतो. दुपटी बदलणाऱ्या बापाच्या नजरेला तो पडलेला असू शकतो, पण 'पाहिले' अशी नोंद जागृत मनात झाली नसेल. मग तीच जाणीव दृष्टान्ताच्या रूपाने वर आली असेल. असेच घडले, असे आपण सिद्ध करू शकत नाही. पण साधे स्पष्टीकरण शिल्लक असताना अवघड स्पष्टीकरणाकडे धावू नये. आणि कारण काहीही असो, त्या बापाने मुलाला डॉक्टरांकडे नेले, मंत्र म्हणत बसला नाही, हे विसरू नये.

आठ हजार पाने

डिकने स्वतः या अनुभवाचे काय केले? तो त्यावर पंथ काढून बसला नाही. त्याने लिहायला सुरुवात केली. 'एक्सेजेसिस' म्हणजे भाष्य, या नावाने तो १९७४ पासून मरेपर्यंत टिपणे लिहीत होता. सुमारे आठ हजार पाने भरली. आठ वर्षांत रोजची जवळजवळ तीन पाने. त्यातला निवडक भाग २०११ मध्ये पुस्तकरूपाने आला. ईश्वर, परग्रहावरचे प्राणी, सोव्हिएत प्रयोग, मेलेली बहीण, स्वतःचाच मेंदू, असे एकेक स्पष्टीकरण तो मांडतो, आठवडाभर त्यावर खूश असतो आणि मग स्वतःच ते खोडतो. आपण वेडे झालो आहोत, हे स्पष्टीकरणही त्याने वगळलेले नाही.

१९८१ मध्ये आलेल्या 'व्हॅलिस' या कादंबरीत तर त्याने स्वतःचे दोन भाग केले. हॉर्सलव्हर फॅट हे पात्र गुलाबी किरणावर विश्वास ठेवते, आणि निवेदक फिल त्याची कीव करतो. 'फिलिप' या ग्रीक नावाचा अर्थ अश्वप्रेमी, आणि 'डिक' म्हणजे जर्मन भाषेत जाडा. दोघेही तोच! त्यांचा एक मित्र म्हणतो, शेवटच्या दिवशी देवापुढे उभा राहिलो की माझी मेलेली मांजर कोटातून काढीन आणि हिचे काय, म्हणून विचारीन. इतका चिवट प्रश्न ज्याने स्वतःच्याच साक्षात्काराला विचारला, त्याची बुद्धी शाबूत होती असेच म्हणावे लागते.

तरीही या आठ हजार पानांत एक उणीव आहे. कोणते निरीक्षण मिळाले तर माझे म्हणणे चुकीचे ठरेल, हा प्रश्न तेथे सुटत नाही. एक स्पष्टीकरण जाते, दुसरे येते, पण बाहेरच्या जगाकडून निर्णय मिळवण्याची सोय नाही. त्यामुळे चक्र थांबत नाही. गंमत अशी की ही सोय त्याला ठाऊक होती. आपण विश्वास ठेवणे थांबवले तरी जे नाहीसे होत नाही ते वास्तव, अशी त्याने १९७८ च्या एका लेखात व्याख्या केली होती. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून सुटसुटीत व्याख्या क्वचितच मिळेल.

तो वेडा होता का?

येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अनुभव, अनुभवाचे स्पष्टीकरण आणि आजाराचे निदान. त्याला अनुभव आले हे खरे मानायला हरकत नाही. तो खोटे सांगत होता असे दिसत नाही. स्पष्टीकरण तपासता येते, आणि त्याची स्पष्टीकरणे तपासणीत टिकत नाहीत. निदान मात्र समोर बसलेल्या माणसाचे तज्ज्ञाने करायचे असते, पुस्तके वाचून आपण करायचे नसते. 'वेडा' हा शब्द तर निदानच नव्हे. तो शब्द वापरला की पुढची चौकशी थांबते.

२ मार्च १९८२ रोजी, 'ब्लेड रनर' पडद्यावर येण्याआधी काही महिने, डिक वारला. वडिलांनी त्याच्या अस्थी फोर्ट मॉर्गनला नेल्या. दगडावर त्रेपन्न वर्षे मोकळी असलेली जागा भरली गेली.

आपल्या दृष्टीने या गोष्टीचे मोल कोठे आहे? स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी सुरू होतात, म्हणजे दहावी-बारावी-महाविद्यालयाच्या वयात. दूरदर्शनवरचा निवेदक माझ्याबद्दलच बोलतो, किंवा मला कोणीतरी आज्ञा देते, असे एखादा विद्यार्थी एक दिवस दबक्या आवाजात सांगेल. वर्ग हसेल, घरचे अंगात आले म्हणतील, कोणी देवर्षीकडे नेतील. उपचाराला उशीर झाला की बरे होणे अवघड होत जाते. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला दुजोराही देऊ नका. तुला तसे वाटते आहे आणि तू घाबरला आहेस, हे मला समजते, एवढे म्हणा. पालकांना विश्वासात घ्या आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सुचवा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

डिकला झाले ते नेमके काय, हे कोडे कदाचित सुटणार नाही. पण आपल्या वर्गातल्या त्या मुलाचे कोडे वेळेत सुटू शकते. त्यासाठी त्याचे ऐकून घेणारा एक माणूस शाळेत असला पाहिजे.